बालीचा समुद्र आणि आपली विहीर

बाबा, मी बालीला जाऊन आले. परदेशात, विमानानं, चारी बाजूंनी समुद्र असलेल्या बेटावर. तुमची तीच लेक, जिला तुम्ही मेहकरच्या बाजारालाही कधी एकटं पाठवलं नाही. नेलं अर्थातच तुमच्या लाडक्या लेकानं. मी शाळेतून निवृत्त झाले म्हणून तो, भावजय, भाची आणि मी, अशी चौघांची वरात त्यानं काढली. परत येऊन आठ दिवस झाले, नाकाची साल अजून निघतेच आहे. शेजारणी विचारतात, "काय काय केलं व बाई तिकडं?" मी सांगते, भातशेतावर टांगलेल्या झोक्यात बसले, शहाळी प्यायले, एका माकडानं माझा चष्मा पळवला अन् केळं घेऊन परत दिला. हे सगळं खरं आहे. जे कोणाला सांगितलं नाही, ते तुम्हाला लिहिते.

मला त्याचा हेवा वाटतो. आजचा नाही, साखरखेर्ड्याजवळच्या आपल्या शेतातल्या विहिरीपासूनचा. उन्हाळ्याची सुटी आहे, मी अकरा वर्षांची, तो सात. तुम्ही त्याच्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधता, कमरेला बैलाचा कासरा, अन् कासऱ्याचं दुसरं टोक माझ्या हातात देता. "नीट धर व. भावाकडं ध्यान दे." मी विचारते, "बाबा, मले काऊन नाही शिकवत?" तुम्ही हसता. "पोरीच्या जातीले काय करा लागते पोहून? तुले काय मासे धरा लागते?" काठावर बसलेले काका खो खो हसतात. मी गुमान कासरा धरते. तळहात सोलतात, तो मात्र पाण्यात किंचाळतो, खिदळतो, तुमच्या खांद्यावर चढून बसतो. चौथ्या दिवशी मी कासरा सोडला. सुटला नाही बाबा, सोडला. म्हटलं, खाऊ दे लेकाले दोन गटांगळ्या. अन् काय व्हावं! पोरगा हातपाय झाडत थेट पलीकडच्या पायरीला जाऊन लागला. तुम्ही बोंब ठोकली, "पाह्य, पाह्य! दोराबिगर पोहला माहा वाघ!" पाठीवरचा डबा तुम्हाला दिसलाच नाही. संध्याकाळी बाजारातून जिलबी आणलीत. मलाही दिलीत. मी ती कुत्र्याला टाकली.

पुढं मी शिक्षिका झाले, अन् शाळेतल्या पोरांना गोष्टी सांगता सांगता त्याची विहीर माझी करून टाकली. मी सूर मारायची, मी तळाची माती मुठीत धरून वर आणायची, मला पाहून गावची पोरं तोंडात बोटं घालायची. तीस वर्षं सांगितलं. भाची तर या गोष्टींवरच वाढली. भाऊ कितीदा तिथंच बसलेला असायचा. कधी एका शब्दानं बोलला नाही. मला वाटायचं, विसरला असेल.

म्हणून तर बालीत भाचीनं माझ्यासाठी मुद्दाम खोल समुद्रातली सफर ठरवली. तोंडाला काचेचा मुखवटा अन् नळी लावायची, होडीतून उतरायचं अन् वरून मासे बघायचे. म्हणाली, "आत्या, काठावरच्या पाण्यात तुला काय मजा येणार!" तोंड दाबून बुक्क्यांचा मार, सांगणार कोणाला?

होडी मधोमध थांबली. होडीवाल्यानं हातवारे करून विचारलं, कोणाला पोहता येतं? भाचीनं मला पुढं ढकललं. माझे पाय फळीला चिकटले. तेवढ्यात भाऊ म्हणाला, "हाव, लहानपणी ताईच पोहायची. मी काठावर कासरा धरून बसायचो. पण आता तिचे गुडघे दुखतात, राहू द्या तिले." इतक्या सहज, बाबा! जशी पानातली भाकर मोडून द्यावी, तशी त्यानं मला विहीर देऊन टाकली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. ज्याला सगळं मिळालं त्याचं द्यायला काय जातं? दिलदार व्हायलाही पदरात आधी काहीतरी असावं लागतं.

"खोटं बोलून राह्यला तो," मी म्हटलं. "मले पोहता येत नाही. कधीच येत नव्हतं. कासरा मी धरायची."

भाचीचा आ वासलेला. "मग त्या विहिरीच्या गोष्टी?"

"गोष्टी तुह्या बापाच्या. तोंड माह्यं."

भावजय फस्सकन हसली. भाची म्हणाली, "अगं, मला तरी कुठं येतं? तरंगायचं जॅकेट आहे की. चल."

मी पंजाबी ड्रेसवर जॅकेट चढवून शिडीनं उतरले. पाणी कोमट होतं. भाऊ जवळ आला, हात पुढं केला. मी आधी धरला नाही, मग धरला. "सायकल चालवतो तसे पाय हालव ताई. घाबरू नको." मी तोंड पाण्यात घातलं तर खाली पिवळ्या पट्ट्यांचे मासे, शेकड्यानं, माझ्याकडं बघतही नव्हते. थोड्या वेळानं त्यानं हात सोडला अन् मला ते कळलंही नाही.

त्याचा हेवा तिथं संपला असं लिहिणार नाही. आज सकाळीच त्यानं फोटो पाठवले, प्रत्येकात साहेब मधोमध. चिडलेच मी. पण त्या पाण्यात मला पहिल्यांदा तुमचा राग आला. अर्धा तास लागला हो, बाबा. वयाच्या साठीला, दुखऱ्या गुडघ्यांनी, फक्त अर्धा तास, अन् मी तरंगले. विहीर आपली होती. डबा होता, कासरा होता, सगळी सुटी पडली होती, अन् तुम्ही तिथंच उभे होता. माझ्यासाठी अर्धा तास नव्हता तुमच्याजवळ?

इतकी वर्षं मी त्याच्यावर जळले, कारण तुमच्यावर रागवायची माझी छाती नव्हती. अजूनही नाही. तुम्ही असता तर हे पत्र तुमच्या हाती दिलं नसतं. तुम्ही विचारलं असतं, "कसं होतं व तिकडचं पाणी?" अन् मी खाली मान घालून म्हटलं असतं, "चांगलं होतं, बाबा."