पाणथळ माझ्या हातून नष्ट झाल्याची नोंद होऊन मजवर कारवाई होणेबाबत

प्रति,
मा. पाणथळ संरक्षण अधिकारी,
जिल्हा कार्यालय, दुसरा मजला, खोली क्र. १४

विषय: तळे 'नैसर्गिकरीत्या आटले' हा शेरा रद्द करून ते अर्जदाराने नष्ट केले, अशी दुरुस्ती होणेबाबत.

संदर्भ: १) तळे संरक्षित पाणथळांच्या यादीतून वगळल्याचा आपला आदेश. २) याच कार्यालयाने अर्जदारास दिलेले प्रशस्तिपत्र.

महोदय,

मी खाली सही करणार, वय ६८, व्यवसाय शिंपी, तळ्याकाठच्या पहिल्या घरात राहतो. दुकानही तेथेच आहे. तळे वाचावे म्हणून आमच्या नागरिक मंडळाने आठ वर्षांत आपल्याकडे सतरा अर्ज केले. हा अठरावा मी एकट्याने करीत आहे, कारण यातील मजकुराखाली सही करण्यास मंडळातील कोणी तयार नाही.

माझी पत्नी दवाखान्यात परिचारिका होती. दर रविवारी सकाळी ती काठावर उभी राहून पक्षी मोजायची व आकडे वहीत लिहायची. आमच्या सतरा अर्जांना जो काही आधार होता, तो या वहीचाच. मला पक्ष्यांतले फारसे कळत नव्हते. मला पाण्यात माजलेले गवत आणि कुजलेली पाने तेवढी दिसत, आणि हात शिवशिवत. ती हसून म्हणे, "अहो, तुमची कात्री दुकानातच ठेवा. ते त्यांचं घर आहे." गेल्या वर्षी ती वारली.

तिच्या आठवणीसाठी काहीतरी करावे असे मंडळात ठरले. तळे साफ करावे, हे मी सुचवले. पंप लावून पाणी उपसले, गवत मुळासकट काढले, गाळ खरवडून गाड्यांत भरला, काठाला दगड बसवले. चाळीस माणसे बारा दिवस राबली. आपले पूर्वीचे साहेब स्वतः येऊन प्रशस्तिपत्र देऊन गेले. त्या दिवशी मी फार खूश होतो, हे कबूल करतो. पुढे कळले की गाळाबरोबर तळाची चिकणमातीही आम्ही काढून टाकली होती. त्यानंतर आलेले सगळे पाणी जमिनीत जिरून गेले.

सात महिन्यांनी आपले सर्वेक्षक आले. "पाणी नाही, वनस्पती नाही, पक्षी नाहीत, नैसर्गिकरीत्या आटलेले," असे त्यांनी लिहिले. त्या एका शेऱ्यावर तळे यादीतून गेले आणि सोमवारपासून तेथे वाहनतळासाठी भराव पडणार आहे.

आपल्या खोलीबाहेरील फलकावर नियम लिहिला आहे. पाणथळ आपोआप आटल्यास ते वगळावे. परंतु कोणी नष्ट केल्यास त्या इसमावर गुन्हा नोंदवावा व ते पूर्ववत होईपर्यंत भराव घालू नये. तो इसम मी आहे. हे सांगण्यासाठी मी आपल्या कार्यालयात तीनदा हजर झालो, त्याचा तपशील असा:

१. पहिल्या खेपेस लिपिकांनी सांगितले की नमुन्यात तक्रारदार व आरोपी यांची नावे वेगळी लागतात.

२. दुसऱ्या खेपेस सांगितले की प्रशस्तिपत्र मिळालेल्या व्यक्तीवर त्याच कामाबद्दल कारवाई करता येत नाही. मी सोबत नेलेले प्रशस्तिपत्र काचेच्या चौकटीसकट तेथेच परत देऊ केले. ते परत घेण्याची नोंदवही नसल्याने घेतले नाही. येताना रिक्षात काच फुटली.

३. तिसऱ्या खेपेस साक्षीदार मागितले. मी राबलेल्या चाळीसही जणांची दारे ठोठावली. "काका, बायकोच्या आठवणीत केलंत तुम्ही. त्याला गुन्हा कोण म्हणेल?" असे सगळ्यांचे म्हणणे पडले. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांना माझी कीव येते, आणि कीव आलेला माणूस साक्ष देत नाही.

मागच्या रविवारी मी वही घेऊन काठावर उभा राहिलो. दोन पाणकोंबड्या दगडांवरून उतरल्या, भेगाळलेल्या मातीत जरा थांबल्या आणि निघून गेल्या. त्या मोजायच्या की नाही हे मला कळेना, आणि विचारायला घरात कोणी नाही.

तरी साहेबांनी सोमवारपूर्वी माझ्यावर गुन्हा नोंदवावा, ही हात जोडून विनंती. मी वकील करणार नाही, काहीही नाकारणार नाही. शिक्षा म्हणून तळात पुन्हा चिकणमाती अंथरण्याचे काम मिळाल्यास आयुष्यभर करीन. नमुन्यात 'हेतू' असा एक रकाना आहे. तेथे पत्नीवरील प्रेम असे लिहिल्याने गुन्हा हलका होणार असेल, तर तो रकाना कृपया कोरा ठेवावा.

आपला नम्र व कारवाईस पात्र,
(सही)
तळ्याकाठचा शिंपी
शुक्रवार, दि. १४