खुर्चीतला वेग

३ फेब्रुवारी
आज रुजू झाले. परळचा टॉवर, काचेपलीकडे चाळीत वाळणाऱ्या गोधड्या. काम मनासारखं: विमानाचा वेग मोजणारं डॉप्लर रडार. विमानाच्या पोटातून लहरी जमिनीकडे सोडायच्या. परतताना त्यांची वारंवारता किती बदलली, त्यावरून वेग कळतो. प्रमुख हेमचंद्र सर अबोल आहेत. शेजारी वरळी कोळीवाड्याचा दीपेश बसतो. त्याने पहिल्याच दिवशी डब्यातलं सुकटीचं कालवण माझ्या पोळीवर वाढलं. घरी आल्यावर कौसल्यामावशीला सांगितलं, तर म्हणाली, मग पोरगा चांगलाच असणार.

७ फेब्रुवारी
रडारचा संच टेबलावर घट्ट बसवलाय. अँटेना रिकाम्या खुर्चीकडे वळवला की वेग शून्य. दीपेश खुर्चीत बसला की आकडा उमटतो. दिशा खाली. म्हणजे संचाच्या मते तो पडतोय. आम्ही खूप हसलो. सर म्हणाले, पंखा पकडत असेल. पंखा बंद केला, तरी तेच.

१२ फेब्रुवारी
सगळे सुटे भाग बदलले. आकडा रोज वाढतोय, फक्त दीपेशपुरता. त्याच्या पोटात लिफ्ट खाली जाताना होतं तसं होतंय म्हणे. बोलताना टेबलाची कड सोडत नव्हता.

१४ फेब्रुवारी
जेवताना त्याने हळूच विचारलं, "प्राची, जमीन किती लांब आहे ते कळतं का गं यात?"
नाही म्हणाले. यात फक्त वेग कळतो.

१७ फेब्रुवारी
दीपेश इस्पितळात. रिपोर्ट सगळे नॉर्मल. खाटेचे गज धरून पडलाय. खिडकी बंद, पंखा बंद, तरी केस वर उडत होते. त्याची आई गुणवंतीबाई त्याचे पाय दाबून धरून बसलीय. मला म्हणाली, तुमी शिकलेली माणसं, कायतरी करा. मीही एक पाय धरून बसले.

१८ फेब्रुवारी
दीपेश गेला. एकही हाड धड नव्हतं. डॉक्टर आईला विचारत होते, हा कुठून पडला? खाटेची चादरसुद्धा विस्कटली नव्हती.

२० फेब्रुवारी
राहवेना. त्याच्या खुर्चीत बसले. आकडा लहान आहे. दिशा खाली.
सरांनी पाहिलं, संच बंद केला. संच बंद करून काय होणार—

२५ फेब्रुवारी
पोटात तेच. मावशीला सगळं सांगितलं. तिने माझी कंबर पदराने स्वतःशी बांधली. मी गाठ सोडली. तीही ओढली गेली तर—

२७ फेब्रुवारी
कानात वारा. मावशी म्हणते वारा नाही, तरी खिडक्या लावतेय. बाहेर जा म्हटलं, जात नाही. मिठी मारून बसलीय. हात सुटत नाहीत तिचे. मावशी, सोड, खाली जमीन दिस—