गालांवरची लाली

७ जानेवारी १९३९, शनि. शहापूर

म्हशाच्या यात्रेहून काल परतलो. दारूबंदीवर बोलायला उभा राहिलो, दहा मिनिटंही झाली नसतील. बैलबाजाराकडून एक जण ओरडला, "मास्तर, आदी सोताचं नाक बगा! कवा उतरनार तुमची?" सगळी गर्दी हसली. मी जन्मात थेंब घेतलेला नाही, पण नाक आणि गाल पेटलेले. भाषण अर्धं टाकून खाली उतरलो.

आज शाळेत हेडमास्तरांनी दार लावून घेतलं. स्कूल कमिटीकडे निनावी अर्ज गेलाय, "सदर शिक्षक मद्यपी आहे." चौकशी फाल्गुनात. हे. मा. म्हणाले, "माझा विश्वास आहे हो. पण तुमचं तोंडच तुमच्याविरुद्ध साक्ष देतं."

तीन वर्षं झाली या लालीला. घरी येऊन कार्बोलिक साबणानं दोनदा खसखसून तोंड धुतलं. आणखीच लाल.

१५ जाने., रवि. मुरबाड

संक्रांतीला सौ.च्या माहेरी आलोय. तिनंच ओढत नेलं डॉक्टरांकडे. तरुण गृहस्थ, नवीनच आलेत. मला वाटलं, आधी तोंडाचा वास घेतील. त्यांनी भिंग घेतलं. मग प्रश्न भलतेच. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं का? चहा किती गरम पिता? उन्हातून आल्यावर लाली किती वेळ टिकते?

होतं! कढत! दोन-दोन तास!

"याला रोझेशिया म्हणतात. कातडीचा आजार आहे. दारूनं वाढतो हे खरं, पण न पिणाऱ्यालाही होतो. आणि एकाचा दुसऱ्याला लागत नाही."

नाव आहे त्याला! तिथंच चिठ्ठीवर लिहून घेतलं. सौ.नं पदरानं डोळे टिपले.

"जाईल का?" मी विचारलं.

"मुळासकट नाही. पण आवरता येईल. आधी त्याला त्रास देणं थांबवा." साबण बंद. हरभऱ्याचं पीठ, लिंबू, हळद, जे जे चोळलं ते सगळं बंद. गार पाणी, नुसत्या हातानं. पुसायचं नाही, मऊ पंचा टेकवायचा. कोरडं पडलं तर खोबरेल, अगदी बोटाला लागेल एवढंच. उन्हात छत्री. तिखट कमी. झोप पुरी. "आणि रोज लिहा, कशानं वाढलं. प्रत्येकाचं कारण निराळं असतं. ते मला इथं बसून कळणार नाही."

म्हणून आता या वहीत तेही. रोज संध्याकाळी आरसा बघून आकडा टाकणार. ला. ० म्हणजे स्वच्छ, ला. ३ म्हणजे यात्रेतला दिवस.

आज ला. २.

१८ जाने.

साबणाशिवाय तिसरा दिवस. तोंड धुतल्यासारखं वाटतच नाही. पण ओढल्यासारखं होत होतं ते कमी. ला. २.

२१ जाने.

सापडलं एक! सकाळी ला. १ होतं. चहा बशीत न ओतता कपानंच प्यायलो, आणि आरशासमोरच उभा राहिलो. बघता बघता नाकापासून गालापर्यंत चढली. सौ.ला हाक मारली, "अगं ये, बघ, बघ!" ती पोळपाट टाकून धावत आली. तिला वाटलं पडलो की काय. मग म्हणाली, "आजारी माणूस एवढा खूश मी पहिल्यांदाच बघतेय."

उद्यापासून चहा कोमट.

२६ जाने.

आंघोळीच्या पाण्याची वाफ. ठेचा. दुपारच्या सुट्टीत उन्हात मैदानावर उभं राहणं. तिन्ही पक्के. आंघोळ आता कोमट पाण्यानं. ठेचा सोडवत नाही. आज सौ.नं वाटीच उचलून नेली.

५ फेब्रु., रवि.

चार दिवस ओळीनं ला. १!!

रोज पहाटे सापगावच्या रस्त्यानं तासभर चालतो. परतताना छत्री. थंडीत छत्री बघून लोक हसतात. हसू देत. डोळ्यांवर कोमट फडकं ठेवतो, वाळू गेल्यासारखं होणं जवळजवळ थांबलं. कधी एकदा हे डॉक्टरांना सांगतो असं झालंय.

११ फेब्रु.

ला. ३. न ऊन, न तिखट, न चहा. चौथीच्या वर्गावर ओरडलो, एवढंच. मागच्या बाकावरून कुजबूज आली, "तापले गुरुजी." त्यांना माझ्याआधी कळतं!

म्हणजे राग. आणि संध्याकाळी उमगलं, नुसता राग नाही. चारचौघांत उभं राहून बोलायला लागलो की हेच. म्हणजे चौकशीच्या दिवशी मी कमिटीपुढे कितीही खरं बोललो तरी तोंड लाल होणारच. यात्रेत तेच झालं.

सौ. म्हणाली, "मग आधीच सांगून टाका ना, मी लाल होणार म्हणून."

गंमत केली तिनं. पण...

२६ फेब्रु., रवि. किन्हवली

आज दारूबंदीच्या व्याख्यानाला दोनशेक माणूस होतं. उभा राहिलो आणि पहिलंच वाक्य: "मंडळी, माझं तोंड नीट बघून घ्या. बोलायला लागलो की ते लाल होईल. मी सकाळपासून गार चहा आणि भाकरीवर आहे." मग आजाराचं नाव सांगितलं, आग कशी होते, बारीक पुटकुळ्या कशा येतात, डोळे कसे टोचतात, सगळं. लाली चढली ती मलाच जाणवत होती. पुढची एक म्हातारी ओरडली, "झाला गो, झाला लाल!" आणि सगळे हसले. मीही हसलो. हे हसणं वेगळं होतं. मग दारूवर पाऊण तास बोललो. कोणी उठून गेलं नाही.

ला. ३. कधी नव्हे ते ३ चालले!

२८ फेब्रु.

शाळा सुटल्यावर फाटकाशी एक शेतकरी उभा. नाव धोंडू, सापगावचा. मान खाली. "मास्तर, म्हशाला मीच बोललो तुमाला."

म्हटलं, बस.

बसला नाही. "परवा किन्हवलीला व्हतो. तुमी डोळ्याचं सांगितलं, आगीचं सांगितलं. माज्या बायकोचं तसंच हाय. काशीचं. लाल नाय दिसत, काळी हाय ना ती. पन फोड, आन सूज. आमची आई म्हनते महारोग हाय. वर्स झालं, तिचं ताट येगळं, हातरून पडवीत. पोरीला बी जवळ घेऊ देत नाय." मग एकदम, "मी बी घेत नव्हतो तिची बाजू."

डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, तुम्ही गोरे म्हणून लाली दिसते, सावळ्या माणसाची दिसत नाही, पण आग तेवढीच. त्याला म्हटलं, मी डॉक्टर नाही, नुसतं बघून काही सांगणार नाही. पण मुरबाडला नेऊ.

५ मार्च, रवि. होळी

सौ.ला घेऊन सापगावला गेलो. काशी पडवीत, तोंडावर पदर. सौ. सरळ तिच्याजवळ जाऊन बसली. मला बाहेर थांबायला सांगितलं. बऱ्याच वेळानं बाहेर आली, म्हणाली, "राखेनं घासते हो ती तोंड. रोज. निघून जाईल म्हणून." आता ते थांबवलंय.

होळीच्या धगीपासून मी लांब. धोंडूनं आज दारू घेतली की नाही, विचारलं नाही. शुद्धीत होता.

११ मार्च, शनि.

चौकशी झाली. अध्यक्ष, दोन सभासद, हे. मा. मी तेच केलं. आधीच सांगितलं, लाल होणार. डॉक्टरांकडून टपालानं मागवलेला दाखला ठेवला, ही वही ठेवली. अध्यक्षांनी पानं चाळली. "ला. म्हणजे?" सांगितलं. एक सभासद हसला. अध्यक्ष हसले नाहीत. "दाखला ठीक आहे, मास्तर. पण गावात लोक काय म्हणतात, तेही कमिटीला बघावं लागतं."

मी म्हटलं, "मग लोकांना बोलवा. मी त्यांच्यापुढेही उभा राहतो." हे एवढ्या जोरात निघेल असं वाटलं नव्हतं! हे. मा. खिडकीबाहेर बघत होते, पण गालात हसत होते.

निर्णय लेखी कळवणार.

१८ मार्च, शनि. मुरबाड

धोंडूच्या बैलगाडीनं आलो. काशी, धोंडू, सौ., मी. दिवसभराचा रस्ता. तोंड झाकूनच होती.

डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगितले आणि गालाला, कपाळाला, हाताला टाचणी हळूच टेकवली. दर वेळी ती "लागलं" म्हणाली. कानाच्या पाळ्या बघितल्या, हातापायांच्या शिरा चाचपल्या. धोंडू भिंतीला पाठ लावून.

"महारोग नाही. बधिरपणा कुठंच नाही. हा मास्तरांचाच आजार, पण डोळ्यांना जास्त लागलाय. दर महिन्याला यायचं. डोळ्यांचं काय होईल ते आज सांगता येणार नाही."

धोंडूच म्हणाला, "म्हंजे पोरीला घेता येल?"

"आज घरी असती तर आजच."

मग तो बाहेर जाऊन उभा राहिला. मी गेलो नाही मागे.

१९ मार्च, रवि.

परतीच्या वाटेवर. हे गाडीतच लिहितोय, अक्षर वेडंवाकडं. निघण्याआधी कळलं, डॉक्टरांची बदली होण्याची बोलवा आहे. कमिटीचं उत्तर अजून नाही. माझी आज ला. २, उन्हामुळे. तरी बरं वाटतंय, फारच बरं वाटतंय.

काळू नदीवर बैल सोडले होते. बायका कपडे धूत होत्या. काशी पाण्याशी गेली आणि पदर मागे टाकून तोंडावर पाणी घेतलं. हातानं, हळू, सौ.नं दाखवलं तसं. शेजारच्या दोघी कपडे उचलून सरकल्या. एक थांबली. म्हणाली, "काय गो झालंय तुला?"

सौ. उठायला लागली, मी तिला खूण केली.

काशीचा आवाज मी पहिल्यांदाच एवढा मोठा ऐकला. "आजार हाय गो. डाक्तरनं बगितलं. लागायचा नाय तुला. बग, हात लावून बग."

ती बाई ओल्या हातांनी तशीच उभी. तेवढ्यात धोंडूनं बैल जुंपायला घेतले, मधे आडवे आले. तिनं हात लावला की नाही, ते मला दिसलं नाही.