चिंचेनं घासलेला सेंट

अण्णा, कॉलेजऐवजी तुम्ही मला जे नाणं दिलंत, त्याबद्दल लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं लोटली की आवाजसुद्धा धड आठवत नाही, पण तुमचा अंगठा आठवतो. दिवाळीच्या तोंडावर आई तांब्याची भांडी काढायची, चिंच भिजत घालायची, आणि एरवी घरातल्या कामाला हात न लावणारे तुम्ही पंच्याचं टोक खोचून मोरीपाशी बसायचात. बंदरावरच्या गोदामात कारकुनी करताना कुणा अमेरिकन खलाशानं तुम्हाला दिलेलं ते नाणं. ढब्बू पैशाएवढं, तांब्याचं, आजोबांच्या जन्माच्याही आधीचं. एका बाजूला केसांत पट्टी बांधलेली बाई, दुसऱ्या बाजूला पानांची माळ आणि मधोमध इंग्रजीत 'एक सेंट'. चिंच, चिमूटभर मीठ, वर बारीक राख. अंगठा गोल गोल फिरतो आहे, पाणी ओतलं जातं आहे, आणि नाणं असं लखलखतं की शेजारचे काका नको म्हणत असतानाही तुम्ही त्यांच्या नाकाखाली धरता : "बघा! कालच टांकसाळीतून आल्यासारखं वाटतं की नाही?"

माझा मॅट्रिकचा निकाल लागला त्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे. मला सायन्सला जायचं होतं. दादाचं इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष चालू होतं. तुम्ही पाटावरून न उठताच म्हणालात, "दोघांचं एकदम झेपायचं नाही, पोरी. तुझं शिक्षण मी ह्यात घालून ठेवलंय. जपून ठेव. जुनं आहे, अमेरिकेचं आहे. वेळ येईल तेव्हा ह्याच्यावर हवं ते शीक." आणि लाल फडक्यातलं नाणं माझ्या हातावर ठेवलंत. आई पोळी उलटता उलटता फणकारली, "पोरीनं काय नाणं चाटायचंय?"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"आणि तुम्हाला हो?"

तुम्ही हसलात. मीही हसले. कारण माझा तुमच्यावर विश्वास होता. आज वाटतं, त्या घरात त्या दिवशी मुद्द्याचं एकच वाक्य बोललं गेलं, आईचं ते शेवटचं, आणि त्याला उत्तर देण्याची गरज कुणालाच वाटली नाही.

लग्नानंतर ह्यांच्यामागे मी स्टुटगार्टला आले. साठ साल उजाडायचं होतं. हे डॉक्टरेट करत होते. शिष्यवृत्तीत दोघांचं कसंबसं भागायचं. चढावरच्या घरात एक खोली आणि घरमालकिणीबरोबर वाटून घेतलेलं स्वयंपाकघर. गावात प्रयोगशाळेतल्या सहायकांचा अभ्यासक्रम चालतो असं मला कळलं. बायकांना घेत होते, फी तेवढी भरायची होती. माझी वेळ आली होती, अण्णा. लाल फडकं पर्समध्ये टाकून मी ट्रामनं खाली गावात उतरले. मोडकंतोडकं जर्मन वाटभर पुटपुटत होते.

जुन्या नाण्यांचं दुकान होतं एका म्हाताऱ्या गृहस्थांचं. मी नाणं बोटांत चपटं धरून पुढे केलं तर ते ओरडलेच, "नाइन, नाइन! कडेला धरायचं, कडेला!" मग त्यांनी ते मखमलीवर ठेवलं आणि भिंगातून बघू लागले. बाईच्या कानावरचे केस, पट्टीवरची अक्षरं, माळेतल्या पानांच्या कडा. जिथे नाणं उंच असतं तिथे आधी झिजतं, म्हणून तिथे आधी बघायचं, हे मला पुढे कळलं. तेव्हा मी फक्त त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, आणि तो चेहरा फुलत चालला होता. "आल्झो, असं आहे तर... केसांची बट न् बट शाबूत आहे. हे बाजारात फिरलेलंच नाही फारसं." माझ्या डोळ्यांसमोर पांढरा कोट घातलेली मी उभी राहिले.

मग त्यांनी नाणं खिडकीच्या उजेडात तिरकं केलं. हळूच फिरवलं. पुन्हा फिरवलं. "हे घासलं कुणी?"

"माझ्या वडिलांनी," मी अभिमानानं सांगितलं. "दर वर्षी."

"कशानं?"

चिंचेला जर्मनमध्ये काय म्हणतात ते ठाऊक नव्हतं. "एक आंबट फळ. आणि राख."

"आंबट! आणि राख!" त्यांनी भिंग खाली ठेवलं. एखाद्याच्या घरचं कुणी गेल्याचं सांगावं तसं मग ते सावकाश समजावून सांगायला लागले. तांबं टांकसाळीतून लाल निघतं, वर्षानुवर्षं तपकिरी होत जातं. तो मळ नसतो, ती त्याची कातडी असते. न घासलेल्या नाण्यावर उजेड फिरतो, तुमच्या नाण्यावर तो एका जागी पडून राहतो. बघा, सगळीकडे गोल गोल ओरखडे. आणि हा गुलाबी रंग कुठल्याच तांब्याचा नसतो. त्यांनी खणातून तसलाच दुसरा सेंट काढला. तपकिरी, नाकडोळे निम्मे पुसलेला. इथे नाण्याच्या प्रतींना नावं असतात : 'उत्कृष्ट', त्याखाली 'फार सुंदर', त्याखाली नुसतं 'सुंदर', म्हणजे चांगलंच झिजलेलं. "हे सुंदर," ते म्हणाले. "तुमचं उत्कृष्ट असतं. आता त्याला प्रतच नाही." नाणं फडक्यात गुंडाळून देताना वर म्हणाले, "बेफिकीर माणसं अशी वाट लावत नाहीत, बाई. ती खणात टाकून विसरतात. हे फार जीव लावणाऱ्याचं काम आहे."

घरी आले तर हे म्हणाले, "जाऊ दे गं, वडिलांची आठवण म्हणून ठेव." मी म्हटलं, "आठवण नकोच होती मला. म्हणून तर विकायला गेले होते."

तो अभ्यासक्रम राहिला तो राहिलाच. त्या दुकानात मात्र मी जात राहिले. आधी म्हाताऱ्याशी हुज्जत घालायला, मग नुसतं बघायला, मग शिकायला. पण वर्षानुवर्षं मला छळत होतं ते एकच : तुम्हाला माहीत होतं का? पोरीला गप्प करायला तुम्ही तांब्याचा तुकडा हातावर ठेवलात का? विचारायला घरी येईपर्यंत तुम्ही राहिला नाहीत. उत्तर मला म्हाताऱ्यानं त्या पहिल्याच दिवशी दिलं होतं, पटायला वेळ लागला. तुम्ही लबाड नव्हतात. लबाड माणूस इतकं घासत नाही. तुम्ही लबाड असतात तर बरं झालं असतं अण्णा, दोन शिव्या घालून मोकळी झाले असते.

कारण दादाच्या कॉलेजसाठी तुम्ही चार जणांचे उंबरे झिजवलेत. कुठली शाखा चांगली, वसतिगृहाचं जेवण कसं असतं, सगळं विचारून आलात. उन्हातान्हात गेलात, चपला तुटल्या. माझ्या नाण्याबद्दल मुंबईसारख्या शहरात तुम्ही एका माणसाला विचारलं नाहीत. एकालाही! नुसतं कौतुक केलंत आणि घासलंत. दादाची तुम्हाला काळजी होती. माझं तुम्हाला कौतुक होतं. त्या कौतुकाचे ओरखडे मी अजून भिंगातून बघते.

आता इथले लोक आजीआजोबांच्या डब्यांतली नाणी पारखून घ्यायला माझ्याकडे घरी येतात. पहिलं वाक्य माझं ठरलेलं असतं : काहीही करा, घासू नका. कुणी घासून आणलंच तर अशी फाडफाड बोलते की पूर्वी ह्यांना आतून यावं लागायचं मला आवरायला. आता तेही नाहीत.

हे पत्र मी कुठे टाकणार? त्याच लाल फडक्यात राहील. एक सांगायचं राहिलं. काल दिवाळीसाठी तांब्या घासायला चिंच भिजवली होती. थोडी उरली. मी ते नाणं काढलं, मीठ घेतलं, राख इथे कुठली मिळणार, आणि अंगठ्यानं गोल गोल घासलं. जे कधीही करू नका म्हणून जगाला सांगते, तेच. लखलखलं हो, अण्णा. आणि हातातलं पाणी निथळत असतानाच, "बघा!" म्हणून ते कुणाला तरी दाखवायला मी मागे वळले. घरात कुणीच नव्हतं.