गार पातं

३ फेब्रुवारी
अल्ट्रासॉनिक कटर कारखान्यात आला. पातं सेकंदाला चाळीस हजार वेळा थरथरतं, जोर लावावा लागत नाही. सेल्समनने रेक्झिन कापून दाखवलं. कड कशी गुळगुळीत. पातं गार राहतं म्हणाला. दादाचं म्हणणं, रेक्झिन वितळतं, चामडं जळतं. तीस वर्षं रापीने चामडं कापलं की माणूस असाच बोलायचा. त्याला आता घरी बसवायचं. अजून सांगितलेलं नाही.

५ फेब्रुवारी
चष्म्याच्या केससाठी पहिलं चामडं कापलं. कड काळी. जळक्या केसांचा वास. चामडंच हलकं. उद्यापासून सावकाश कापायचं.

६ फेब्रुवारी
सावकाश कापलं. धूर निघाला. दादा म्हणाला, पातं एका जागी रेंगाळलं की घासून तापणारच, हात पटपट चालव. मला शिकवतो! पातं गार आहे हे दाखवायला त्याच्यासमोर बोट लावलं.

दुपारी अडीच
मोठा फोड. डाव्या हाताने लिहितो आहे.

९ फेब्रुवारी
पटपट चालवलं. रेषा भरकटली, अर्धं कातडं वाया. व्होल्टेजचा दोष. बायको म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. ही पहिल्यापासून दादाच्या बाजूची.

१२ फेब्रुवारी
जेवून आलो तर टेबलावर वीस तुकडे, कडा स्वच्छ. सकाळी मी कापले तेव्हा काळ्या होत्या. गार झाल्यावर उजळल्या असणार. हे सेल्समनलाही माहीत नसेल.

१३ फेब्रुवारी
चष्मेवाला नमुने बघून खूश. दादासमोरच त्याला सांगितलं, याला माणसाचा हात लागलेला नाही, रापीचे दिवस संपले. दादाने रापी पिशवीत टाकली. पटलं असावं.

१४ फेब्रुवारी
दादा आला नाही. बरं झालं, मला तोंड उघडावं लागलं नाही.

१७ फेब्रुवारी
चष्मेवाल्याचा फोन. दोनशे केसेस, पंधरा दिवसांत, अगदी नमुन्यासारख्या. दादाकडे गेलो. वहिनीने दारातच सांगितलं, भावजी, ते वीस तुकडे ह्यांनी कापले होते, चारचौघांत तुमची शोभा होऊ नये म्हणून. आता ते यायचे नाहीत. आत दादा खोकत होता. हाक मारायची फार लाज वाटली.

परत येऊन कटर सुरू केला, बंद केला. मला चामडं कापता येत नाही. कधीच येत नव्हतं. दादा कापायचा आणि मी गिऱ्हाइकांशी बोलायचो.