चौघांसाठी सुटे फर्मे

३ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

आईचा गुडघा कुरकुरतो आहे. ती म्हणते जिन्यामुळे, डॉक्टर म्हणतात वजनामुळे. सध्या दोघांचं बोलणं बंद आहे. बाकी घरी ठीक.

मी ठीक नाही. आमच्या शीतगृहाचे पाळीप्रमुख मार्चमध्ये निवृत्त झाले आणि त्यांची जागा रिकामीच राहिली. यंत्रघरात आम्ही चौघं आहोत: फिटरकाका, वायरमन, वेल्डिंग करणारी ठिणगी (खरं नाव तिच्या पगारपत्रकावर असेल) आणि मी. सकाळी चहा पिता पिता कोण काय करणार ते ठरतं. काही बिघडलेलं नाही. उलट कॉम्प्रेसरला वीज आधीपेक्षा कमी लागते, मी मीटर तपासला आहे.

आता मॅनेजरांनी बोलावून सांगितलं की ती जागा मी घ्यावी. मी नाही म्हटलं तर काय, असं विचारलं. तर बाहेरून माणूस आणणार, आणि तो प्रत्येकाला वेगळ्या पाळीत टाकणार. उत्तर जुलैअखेर द्यायचं आहे. हो म्हटलं तर या तिघांच्या वर मी बसते. नाही म्हटलं तर कुणी परका बसतो. खोलीत येरझारा घालते आहे. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी काल विचारलं, कुत्रा पाळलास का गं?

तू तरुणपणी अराजकवादी मंडळात होतीस. आई त्याला अजून ‘माझ्या बहिणीचं खूळ’ म्हणते. कुणी कुणाच्या वर नसावं, असं म्हणणाऱ्यांनी या प्रश्नाचा नीट विचार केला होता, की ते नुसते चिडलेले होते? काय वाचावं, आणि कोणत्या क्रमाने, ते कळव.

तुझा लोभ आहेच. या खेपेला तो टपालाने यावा.

तुझी भाची

११ जून

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

वीस वर्षं वाट पाहिली की घरातलं कुणीतरी हे विचारेल. विचारलंस तर तू, आणि तेही क्रमांक लावून मागतेस! तुझ्या आईला सांगू नकोस. गुडघ्याचं खापरही माझ्यावर फुटेल.

आधी विरोधातलं वाच. एका न्यायाधीशाने लिहिलेलं जाडजूड पुस्तक आहे. तो आम्हाला मूर्ख म्हणतो, पण आमचं सगळं ऐकून घेऊन मग म्हणतो. त्यानंतर मालकाविना चाललेल्या आणि पुढे बुडालेल्या एका छापखान्याची हकीकत. तिच्यात आकडे आहेत, तुझा जीव रमेल. मग एक कादंबरी: बेटावर कुणी प्रमुख नाही, सगळे आनंदात. तू फक्त भांडी कोण घासतं त्याच्यावर नजर ठेव. जाहीरनामे अगदी शेवटी. ते आधी वाचले की माणसाला वाटतं आपलं वाचून झालं, आणि तो भाषणं करत सुटतो. असे मी बरेच पाहिले, एकाशी तर लग्न होता होता वाचले.

छापखान्याची हकीकत सोबत पाठवते आहे. माझ्या बाइंडिंगच्या टेबलावरून निघालेली, पण न शिवलेली. सोळा-सोळा पानांचे सुटे फर्मे आहेत. मंडळात आमची हीच रीत होती. एक प्रत, प्रत्येकाला त्यातले काही फर्मे. रविवारी बसायचं आणि आपापला भाग क्रमाने सांगायचा. दुसऱ्याचा भाग वाचायचा नाही, ऐकायचा.

जेवत जा वेळेवर. तुझ्यावर जीव आहे, हे धरून चाल.

मावशी

२५ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

फर्मे पोचले. पृष्ठक्रमांक तपासून ओळीने लावले. एक उलटा घातला गेला होता. सुटी पानं हरवतात म्हणून वायरमनकडून बारीक तांब्याची तार घेऊन सगळं शिवलं आणि दोन संध्याकाळी वाचून काढलं.

पुस्तक चांगलं आहे. लेखक रडत नाही. छापखाना बुडाला तो मोठ्या यंत्राच्या पट्ट्यामुळे. पट्टा झिजलाय हे सगळ्यांना दिसत होतं, आणि दुसऱ्या कुणीतरी सांगितलं असेल असं प्रत्येकाला वाटलं. आमच्याकडे हेच होऊ शकतं. तेव्हापासून मी प्रत्येक पट्टा स्वतः बघते. तिघांना सांगितलेलं नाही, उगाच घाबरतील.

न्यायाधीश ग्रंथालयात मिळाले, वाचते आहे. ते पटतात याचा त्रास होतो.

आईचं डॉक्टरांशी बोलणं सुरू झालं. आता माझ्याशी बंद आहे. लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझी भाची

२ जुलै

चि. मोजपट्टीस,
आशीर्वाद, पण आज मोजकेच.

तांब्याची तार! उभा जन्म पुस्तकं शिवण्यात गेला माझा, आणि माझी भाची पुस्तकाला मोटरसारखं वाइंडिंग करते.

अगं, तुम्ही चौघं आहात म्हणून सुटे फर्मे पाठवले. रीतही लिहून कळवली. तू काय केलंस? सगळं एकटीने गोळा केलंस, एकटीने वाचलंस, आणि आता एकटीच पट्टे बघत फिरतेस. मॅनेजरने जागा द्यायच्या आधीच तू पुस्तकाची साहेब झालीस. तार काढ. फर्मे वाट. तुझ्या वाट्याला जो भाग येईल तेवढाच तू सांगायचा. बाकीच्या वेळी तोंडाला कुलूप.

रागावले नाही. म्हणजे रागावले आहे, पण लोभ शाबूत आहे.

मावशी

१६ जुलै

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तार काढली, फर्मे वाटले. वायरमन म्हणाला, परीक्षा आहे का? काकांनी शाळा सुटल्यापासून पुस्तक धरलेलं नाही. त्यांनी काकूंकडून वाचून घेतलं, आणि पट्ट्याचा भाग नेमका त्यांच्याकडे होता. त्यांनी तो आमच्याच यंत्रघरात घडल्यासारखा सांगितला, मधे मधे लेखकाला शिव्या घालत. ठिणगीने तिचा शेवटचा भाग सांगायला नकार दिला. तिचं म्हणणं, बुडालं हे माहीत आहे, मग रडून काय करायचं? मी गप्प बसले. अवघड गेलं.

आता दुसरी गोष्ट. परवा दुपारी पंपाजवळचं गॅस्केट फाटलं आणि अमोनिया सुटला. चौघांच्याही नाकाला कळलं. आणि चौघंही एकमेकांकडे बघत उभे राहिलो. क्षणभरच, पण मला तो पट्टा दिसला. मग मी ओरडले. काका व्हॉल्व्हकडे धावले, वायरमनने पंखे लावले, ठिणगीने हमालांना बाहेर काढलं. कुणाला काही झालं नाही. संध्याकाळी काका म्हणाले, बाई, तुझ्या गळ्यात भोंगा आहे हे माहीत नव्हतं. तिघंही म्हणतात, जागा घेऊन टाक.

मावशी, आवाज चढवला आणि माणसं हलली, हे मला आवडलं. खूप आवडलं. त्या दिवसापासून येरझारा वाढल्या आहेत.

एक विचारायचं आहे. तुमच्या मंडळात कुणी प्रमुख नव्हतं. मग पुस्तकं कोण निवडायचं? कुठला फर्मा कुणाला, हे कोण ठरवायचं?

उत्तर काहीही असलं तरी लोभ राहू दे.

तुझी भाची

२२ जुलै

चि. मोजपट्टीस,
आशीर्वाद.

मीच. दुसरं कोण निवडणार? बाकीच्यांना वेळ कुठे होता? आणि निवड चांगली असायची, कुणालाही विचार. विचारायला आता कुणी संपर्कात नाही, ते वेगळं.

कुणी कधी तक्रार केली नाही. मला काही पद असतं तर केली असती, असं तुला सुचवायचं दिसतंय. असेल. तुझं पत्र आल्यापासून खळ नीट लागत नाहीये, दोन पुठ्ठे वाकडे बसले.

पुढे काय वाचावं ते या वेळी सांगत नाही. कादंबरी मागितलीस तर पाठवीन. आईला नमस्कार सांग, माझा म्हणून सांगू नकोस.

लोभ आहे गं.

मावशी

५ ऑगस्ट

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

जागा घेतली.

मॅनेजरांना हो म्हणण्याआधी तिघांना बसवून सांगितलं. पद नसतानाही मी वर बसलेच होते, आणि तिथून मला उतरवायला काही साधन नव्हतं. पद असलं तर ते काढून घेता येतं. मी हवी की नको, ते दर महिनाअखेरीस त्यांनी सांगायचं. दोघं नको म्हणाले तर दुसऱ्या दिवशी मी राजीनामा देईन. गॅस सुटला तर मी ओरडणार आणि त्यांनी धावायचं. बाकी सगळं चहावर. मॅनेजरांना यातलं काही माहीत नाही, विचारलं तर सांगेन. वायरमनने विचारलं, आणि वाढलेला पगार? तोही तुम्हीच ठेवा, असं मी म्हणाले, तर ठिणगी म्हणाली, एवढी साधुसंत होऊ नकोस, आम्हाला चहा पाज.

पहिल्याच आठवड्यात मी पाळ्यांची नवी मांडणी केली. चार रात्रींचा हिशोब करून, कुणाची झोप मोडू नये अशी. तिघांनी शांतपणे ऐकली आणि नको म्हणाले. काका म्हणाले, बाई, कागदावर छान आहे. मांडणी बरोबर होती, मावशी. मी मोजली होती.

मी बाहेर जाऊन बर्फाच्या गाड्या लागतात त्या अंगणात फेऱ्या मारल्या. परत आले तेव्हा जुन्याच पद्धतीने काम चालू होतं. माझ्या मांडणीइतकं चांगलं नाही, पण चालू होतं. ठिणगीने माझा चहा झाकून ठेवला होता. तो मी प्यायले नाही. राग अजून गेलेला नाही.

महिनाअखेरीस ते काय म्हणतील, माहीत नाही. कादंबरी पाठव, सुटीच. वाटप काका करणार आहेत.

तुझा लोभ असावा ही विनंती. त्या तिघांना अशी विनंती मी करणार नाही. करायची फार इच्छा आहे.

तुझी भाची