काळ्या बेटावरची पाणमांजरं

५ एप्रिल
कुणी बोट देईना! तापीच्या फुगवट्यातलं ते काळं बेट समोर दिसतंय आणि मी तीन दिवस काठावरच. वनखात्याला पाणमांजरांची गणना हवी आहे, म्हणून मला पाठवलंय. पिल्लं सापडली तर इथली मासेमारी बंद होणार — हे गावाला माझ्याआधी कळलंय. दुकानात साखर मागितली, तर संपली म्हणाले. पोतं समोर होतं.

६ एप्रिल
पितांबर आबा तयार झाले. गावातले सगळ्यात जुने मासेमार. का तयार झाले, ते सांगत नाहीत. त्यांची बायको यशोदाबाई मला पाण्याचा तांब्यासुद्धा देत नाही.

९ एप्रिल
बेट म्हणजे गोठलेला लाव्हा. असा तापतो की चपलेतून चटका बसतो. उघड्या दगडावर नदीसुरयांची एकवीस घरटी. पक्षी थेट डोक्यावर झेपावतात. टाळूतून रक्त आलं. इथे कुणालाच मी नकोय. मलाही हे गाव नकोय.

मास्क लावून पाण्यात उतरले. हातभर पुढचं दिसत नाही. शेवाळलेला खडक, एक मऊ पाठीचं कासव — आणि बाजूने काहीतरी लांबट, गुळगुळीत सरकन गेलं. पाणमांजर! मादी. वर कपारीत दोन पिल्लं.

आबांना सांगितलं. ते वल्हं मारत राहिले.

१२ एप्रिल
मास्क कुणीतरी दगडाने फोडलाय. शिरपूरहून दुसरा मागवला. गाव सोडून जाणार नाही मी.

१७ एप्रिल
आज पुन्हा बेटावर.

उत्तरेकडे उतरते म्हटलं, तर आबा म्हणाले तिकडे नको, दगड धारदार आहेत. मला वाटलं, अडवतायत. मुद्दाम तिकडेच गेले. कपारीच्या तोंडाशी पाय जाळ्यात अडकला. ओढला तसा आवळत गेला. नाकातोंडात पाणी. मग कुणीतरी दंड धरला, पायाशी सुरी फिरली, आणि मी वर आले. आबा होते.

“पहिले दम ले,” म्हणाले.

मग त्यांनी जाळं बोटीत ओढलं. त्यात ती मादी होती. बुडून मेलेली. खडकावर पिल्लं शीळ घातल्यासारखी ओरडत होती.

“जाळं मीच टाकेल शे. पाणमांजर ऱ्हायनीच नही, तं बंदी कसाले येई?”

जाळं त्यांनीच लावलेलं. आबा बोटीत नुसते बसून राहिले असते, तर मीही गेले असते. कुणाला काही कळलं नसतं. त्यांना हे ठाऊक होतं, तरी उडी मारली.

घरी यशोदाबाईंनी चहा पुढे केला. प्यायले.

१८ एप्रिल
पिल्लं वनरक्षक घेऊन गेला. अहवालात मादी कशी मेली, असा रकाना आहे. कोरा ठेवला. झोपायच्या आधी अहवाल पुन्हा उघडला. कोराच.

२० एप्रिल
अहवालातल्या त्या रकान्यात पितांबर आबांचं नाव लिहिलं. त्यांना सांगितलंही. “लिख,” एवढंच म्हणाले. मग माझी बॅग उचलून एसटीपर्यंत सोडायला आले.